समुपदेशनाला सगळं घर जातं तेव्हा

दहावीचे निकाल लागले की जून-जुलैत नागपूर मुलांनी भरून जातं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळहून पंधरा-सोळा वर्षांची मुलं नीट आणि जेईईच्या क्लाससाठी इथे येतात. कुणी होस्टेलला राहतं, कुणी मावशीकडे, कुणासाठी आईच खोली करून राहते. यातल्या काहींचं दिवाळीपर्यंत बिनसतं. झोप उडते किंवा संपतच नाही, ताटातलं जेवण अर्धं राहतं, खोलीचं दार दिवसभर लागलेलं असतं. घरचे आधी रागावतात, मग घाबरतात आणि शेवटी मुलाला घेऊन डॉक्टरांपुढे बसतात. तिथे पहिलं वाक्य बहुधा हेच असतं : "डॉक्टर, याला जरा समजावून सांगा."

या वाक्यामागची काळजी खरी आहे, पण त्यात सगळा बदल एकट्या मुलाच्या माथी येतो. सोळा वर्षांचं मूल दिवसाचे बहुतेक तास घरात किंवा घरच्यांच्या फोनच्या टप्प्यात असतं. तज्ज्ञांपुढे ते आठवड्याला फार तर एक तास बसतं. उरलेल्या वेळात त्याच्या आजूबाजूची माणसं कशी बोलतात, कशी वागतात, यावर उपचारांचं बरंच काही ठरतं. म्हणून सगळ्या घरानं मिळून घ्यायचे उपचार असतात, त्यांना कौटुंबिक थेरपी म्हणतात. ती कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी, ते पायरीपायरीनं पाहू.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. घराला बोलावलं म्हणजे घराला दोषी ठरवलं, असा अर्थ नाही. नैराश्य, चिंतेचे विकार, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार), स्किझोफ्रेनिया यांच्यामागे अनुवंश, मेंदूतले बदल, ताण, आलेले अनुभव अशी अनेक कारणं एकत्र असतात. आईवडिलांनी आजार 'दिला' असं कुणी म्हणत नाही. बरं होण्यात मात्र त्यांचा हात सगळ्यांत मोठा असू शकतो. आपल्या देशानं हे फार पूर्वी करून पाहिलं आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं आणि उपचारांत सामील करून घेतलं. माणसाला घरापासून तोडून कोंडून ठेवण्याच्या त्या काळात हे मोठंच धाडस होतं.

पायरी १ : वय कोणतं, आजार कोणता, ते पारखा

चिडणं, खोली लावून घेणं, मित्रांना जास्त जवळचं मानणं हे या वयात चालायचंच. पण पुढचे बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकले आणि त्यांच्यामुळे शाळा, झोप, जेवण किंवा मैत्री बिघडली, तर तज्ज्ञांकडे जा. आवडीच्या गोष्टीतही मन न लागणं, सतत थकवा, आंघोळीचा कंटाळा, मित्र तुटणं, मार्क अचानक घसरणं, पोटदुखी-डोकेदुखीच्या रोजच्या तक्रारी, तेच तेच धुणं किंवा तपासणं, खर्रा किंवा दारूची सवय, ही ती लक्षणं. मोठ्या माणसाचं नैराश्य उदास दिसतं. मुलांचं पुष्कळदा चिडकं दिसतं. त्यामुळे 'पोट्टं उद्धट झालं' म्हणून आजार नजरेतून सुटतो.

हे विरळ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुलं निघतील.

शरीराची तपासणीही याच टप्प्यावर करून घ्या. रक्ताची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ कमी असणं यांनीही मूल मरगळतं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे. ज्या मुलाला या आजारातल्या वेदना वरचेवर सोसाव्या लागतात, त्याचं मनही खचतं.

काही वेळा मात्र थांबायचंच नाही. मरणाची भाषा, निरोपाचे मेसेज, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, हातावर कापल्याच्या खुणा, कानात आवाज येणं, रात्र रात्र झोप नसणं, अन्नपाणी सोडणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी मदत घ्या. मुलाला सरळ विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध कुलपात टाका किंवा घराबाहेर हलवा. मुलानं काही करून घेतलं असेल तर क्षणाचाही वेळ न घालवता दवाखान्यात न्या आणि पोलिसांच्या भीतीनं खरं लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी आणि उपचार पाहणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

पायरी २ : आधी आईबाबांनी आपसात बोलावं

मुलाशी बोलण्याआधी मोठ्यांनी एका मतावर यावं. बऱ्याच घरांत आई म्हणते, "दाखवून आणू," आणि बाबा म्हणतात, "काही झालं नाही त्याले, मोबाइल हिसकून घे फक्त." हा वाद मुलाच्या कानावर गेला, तर ते हमखास 'नाही' म्हणणाऱ्याच्या मागे लपतं. तेव्हा मुलाला बाहेर ठेवून तीन गोष्टी ठरवा. आपल्याला कोणत्या नेमक्या बदलाची काळजी वाटते? तपासणीला दोघंही जाणार का? आणि तोवर घरात कोणता वाद बंद ठेवायचा?

'लोक काय म्हणतील' याचाही निर्णय इथेच लावून टाका. २०१७ च्या कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. नातेवाइकांना काय सांगायचं हे तुम्ही आणि मूल मिळून ठरवा. कुणी बाहेरची बाधा सांगितली, मांत्रिकाकडे न्यायचा आग्रह धरला, तर ठाम राहा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. देवावरची श्रद्धा आणि डॉक्टरांचे उपचार एका घरात सुखानं नांदू शकतात. उपचारांना उशीर मात्र करू नका.

पायरी ३ : मुलाला खरं सांगून न्या

"चल, बर्डीवर जाऊन येऊ," असं म्हणून दवाखान्यापुढे गाडी थांबवली, तर मूल येईल, पण बोलणार नाही. पुढचे कित्येक महिने विश्वासही ठेवणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर फिरताना, अंबाझरी-फुटाळ्याच्या बाजूला गाडीवरून चक्कर मारताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नसते अशा वेळी सांगा. बोलणं असं असू द्या : "गेल्या महिन्यापासून तुला झोप लागून नाही राहिली, हे आम्ही पाहतो आहोत. आपल्या घरात बोलणंही कमी झालं. यात आमचंही काही चुकत असेल. आपण सगळेच एका तज्ज्ञांना भेटू. तुझ्याशी ते वेगळंही बोलतील."

या बोलण्यात आरोप नाही, मूल एकटं पडत नाही आणि एकांताचं आश्वासन मिळतं. ते नाही म्हणालं तर घाई करू नका; एकदाच येऊन पाहायची विनंती करा. तरीही ऐकलं नाही, तर आईवडिलांनी आधी एकट्यानं जावं. घरातली मोठी माणसं वेगळं वागायला लागली की मुलाचं वागणंही हलतं, म्हणून मुलाशिवायही कौटुंबिक थेरपीची सुरुवात होऊ शकते.

पायरी ४ : योग्य जागा आणि योग्य माणूस निवडा

नागपुरात सरकारी सोय चांगली आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला बिचकू नका; तिथे बाह्यरुग्ण विभागात तपासून घरी येता येतं. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालतात. तिथले समुपदेशक पहिली दिशा दाखवू शकतात. गावाकडे असाल किंवा आधी नुसतं विचारायचं असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. केंद्र सरकारनं ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केली आहे.

कोण काय करतं, हे माहीत असलं म्हणजे फरफट वाचते. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. मनोविकार सामाजिक कार्यकर्ते घर, शाळा आणि उपचार यांना जोडतात. सरकारी रुग्णालयांत कुटुंबासोबतचं बरंच काम तेच करतात.

वेळ घेताना चार प्रश्न विचारा : किशोरवयीन मुलांसोबत काम करता का? आईवडिलांना सत्रात घेता का? मूल तुमच्याशी जे बोलेल, त्यातलं आम्हाला काय सांगाल? औषध लागलं तर कोणासोबत काम करता? सरळ उत्तरं मिळाली की जागा योग्य समजा. पहिल्याच भेटीत 'शंभर टक्के बरं करून देतो' असं म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

पायरी ५ : पहिल्या भेटीची तयारी करा

एका कागदावर नोंदी करा : बदल कधीपासून दिसला, त्या सुमारास घरात किंवा शाळेत काय घडलं, झोपेच्या वेळा, आधीचे आजार आणि औषधं, घराण्यात कुणाला मानसिक आजार किंवा व्यसन होतं का. तज्ज्ञ पुष्कळदा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात. त्यात काकांचं दारूपायी गेलेलं आयुष्य किंवा आजीचं जुनं नैराश्य पहिल्यांदा उघडपणे बोललं जातं. आपल्यावरच हे कोसळलं नाही, हे कळल्यावर मुलाच्या मनावरचं ओझं उतरतं.

हा कागद मुलासमोर आरोपपत्रासारखा वाचू नका. तज्ज्ञांच्या हाती द्या. पहिल्या भेटीत ते बहुधा सगळ्यांशी एकत्र बोलतात, मग मुलाशी एकट्यानं, मग पालकांशी. मुलाचं बोलणं गुप्त राहतं. जिवाला धोका किंवा अत्याचार समोर आला, तर ते मोठ्यांना सांगावं लागतं आणि ही मर्यादा मुलाला आधीच समजावलेली असते. परतीच्या वाटेवर "काय काय सांगितलंस?" असं विचारू नका. विचारलं, तर पुढच्या वेळी ते काहीच सांगणार नाही.

घरात मारहाण होत असेल किंवा मुलावर कुणी लैंगिक अत्याचार केल्याची शंका असेल, तर एकत्र सत्र त्याच्यासाठी धोक्याचं ठरतं. तज्ज्ञांना ही गोष्ट आधी, एकांतात सांगा. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं सक्तीचं केलं आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

पायरी ६ : घरातलं चक्र कागदावर काढा

कौटुंबिक थेरपीचा गाभा इथे आहे. समजा, त्रिमूर्तीनगरातलं एक घर आहे. मुलगी अकरावीत, नीटचा क्लास लावलेला. टेस्टमध्ये मार्क कमी येतात. ती गप्प होते. आई दर तासाला दार उघडून विचारते, "अभ्यास करून राहिली ना?" मुलगी चिडते, कडी लावते. आई घाबरून बाबांना फोन करते. दमून घरी आलेले बाबा दारावर थाप मारून ओरडतात, फीचा आकडा ऐकवतात. मुलगी रडते, जेवत नाही. आजी हळूच ताट आत नेऊन देते आणि म्हणते, "जाऊ दे, तुझा बाप तापटच आहे." रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी टेस्ट, मार्क पुन्हा कमी.

यात वाईट कुणीच नाही. आईची भीती, बाबांचा घाम, आजीची माया, सगळं खरं आहे. तरी प्रत्येकाची कृती दुसऱ्याच्या कृतीला खतपाणी घालते. थेरपिस्ट हे चक्र फळ्यावर काढतात आणि विचारतात, "हे कुठे तोडता येईल?" मग आई ठरवते, की दार उघडायचं ते फक्त जेवायला बोलावण्यासाठी. बाबा ठरवतात, की घरी आल्यावर पहिला अर्धा तास अभ्यासाचा विषय काढायचा नाही. आजी ताट आत न नेता नातीला पानावर बोलावते आणि बाबांविषयी तिच्याजवळ बोलत नाही. मुलगी कबूल करते, की मार्क लपवायचे नाहीत आणि जीव घाबरला तर एक ठरलेला शब्द बोलायचा. तो ऐकला की कुणी प्रश्न विचारणार नाही, फक्त जवळ बसेल.

तुमच्या घरातलं चक्रही असंच लिहा. वाक्य 'तो आळशी आहे' असं नको. 'तो दहापर्यंत झोपतो, मग मी ओरडते, मग तो कॉलेज बुडवतो' असं हवं. स्वभावाला नाव ठेवलं की काहीच हलत नाही. कृती लिहिली की निदान एक तरी बदलता येते.

पायरी ७ : घरी रोज काय करायचं

रोज वीस मिनिटं अशी ठेवा, ज्यात अभ्यास, मार्क, मोबाइल हे तीन विषय निघणार नाहीत. पोहे करताना, भाजी आणताना, क्रिकेट पाहताना, कशातही ती सापडतात. एकत्र असणं महत्त्वाचं. बोलणं आपोआप येतं.

टीकेच्या जागी तुम्हाला दिसलेलं आणि वाटलेलं सांगा. "काहून रे, दिवसभर लोळत राहतो?" याऐवजी "तू दुपारी उठलास, जेवला नाहीस, मला काळजी वाटली." लंडनमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ज्या घरांत टीका, राग आणि जीव गुदमरेल इतकी काळजी जास्त होती, तिथे परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटला. पुढे चंदीगडच्या अभ्यासात भारतीय घरांत टीका लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्या घरांतली ही जमेची बाजू जपायला हवी.

भांडण तापलं की थांबायचा नियम करा. कुणीही 'थांबू' म्हटलं की सगळे थांबतील आणि अर्ध्या तासानं पुन्हा बोलतील. पुन्हा बोलणं विसरलं जाऊ नये, नाहीतर थांबणं म्हणजे टाळणं होऊन बसतं. मोबाइलचा नियम सगळ्या घराला लागू करा. रात्री साडेदहानंतर बाबांचाही फोन बैठकीत राहू द्या.

आजारानुसार घराचं काम बदलतं. ओसीडीमध्ये घरचे प्रेमापोटी मुलासोबत हात धुतात, 'सगळं ठीक आहे ना' या प्रश्नाला शंभरदा उत्तर देतात; त्यामुळे आजार घट्ट होतो. ही साथ तज्ज्ञांनी आखून दिल्याप्रमाणे हळूहळू कमी करायची. जेवण सोडणाऱ्या, वजन घटवत नेणाऱ्या मुलांच्या उपचारांत काही काळ जेवणाची जबाबदारी आईवडील घेतात आणि मूल सावरत गेलं की ती परत देतात. नैराश्य आणि स्वतःला इजा करण्यात मूल आणि आईवडील यांच्यातला तुटलेला विश्वास आधी सांधावा लागतो. त्यासाठी मूल मनातलं दुखणं सांगत असताना आईबाबांनी स्वतःची बाजू न मांडता ऐकायचं असतं. हे फार अवघड आहे, म्हणून थेरपिस्ट आधी पालकांकडून त्याची तयारी करून घेतात. व्यसनात घरानं एकच भाषा बोलायची; बाबांनी बंद केलेला पैसा आजीनं पदराआडून द्यायचा नाही. आवाज ऐकू येणं, संशय येणं अशा आजारांत औषध अत्यावश्यक आहे. घरानं आजार समजून घ्यायचा आणि औषधाच्या वेळा सांभाळायच्या.

भावंडांना विसरू नका. धाकटं मूल 'माझ्यामुळे झालं का?' असं मनात धरून बसतं. त्याला त्याच्या वयाला कळेल इतकं सांगा आणि आठवड्यातून एक वेळ त्याच्या एकट्यासाठी ठेवा. मूल नागपुरात आणि तुम्ही गोंदियाला असाल, तर सत्राला व्हिडिओ कॉलवर हजर राहा. रोजचा फोन "टेस्ट कशी गेली?" इथून सुरू न करता "जेवलास का, झोप लागली का?" इथून सुरू करा. होस्टेलच्या वॉर्डनला मुलाच्या संमतीनं हवं तितकंच सांगा.

पायरी ८ : मध्येच सोडू नका

एक सत्र साधारण पाऊण ते एक तासाचं असतं. आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, असे काही महिने जातात. दोन-तीन सत्रांनी वातावरण जरा निवळलं की 'आता बरं आहे' म्हणून थांबायचा मोह होतो. नेमकं तेव्हाच टिकून राहा. औषध चालू असेल तर बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. कमी करायचं तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

प्रगती मोजताना मार्क बाजूला ठेवा. दार उघडं राहायला लागलं, पानावर चौघं बसली, भांडण झालं पण त्याच रात्री मिटलं, मुलानं आपणहून एखादी गोष्ट सांगितली, ही प्रगती आहे. सहा-सात सत्रांनंतरही काहीच हलत नसेल, तर थेरपिस्टशी उघड बोला; पद्धत किंवा माणूस बदलण्यात गैर काही नाही.

घसरण येणारच, हेही धरून चाला. बारावीची परीक्षा, मे महिन्यातली नीट, निकालाचा दिवस हे कठीण काळ आधीपासून ठाऊक असतात. मूल ठीक असताना त्याच्यासोबत बसून एक कागद लिहा : त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा घरानं काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, फोन कुणाला लावायचा. खाली तज्ज्ञांचा क्रमांक, १४४१६ आणि तातडीच्या मदतीसाठीचा ११२ लिहा. हा कागद मुलाच्या हाताने लिहू द्या, म्हणजे तो त्याचा स्वतःचा असेल.

आजच करता येण्याजोगं

तुमच्या घरात असं मूल असेल, तर सगळ्या पायऱ्या एकदम चढायच्या नाहीत. आज रात्री मूल झोपल्यावर आईबाबांनी समोरासमोर बसून पायरी २ मधले तीन प्रश्न सोडवावेत. उद्या दिवसभरात त्याच्याशी बोलताना एक टीका गिळावी. या आठवड्यात भेटीची वेळ घ्यावी. आणि तज्ज्ञांपुढे बसल्यावर 'याला समजावून सांगा' याऐवजी म्हणावं, "आमच्या घराला मदत हवी आहे, आम्ही सगळे आलो आहोत." शेजारी बसलेलं मूल ते ऐकत असतं आणि दोष एकट्या आपल्यावर नाही, हे त्याला तिथेच कळतं.